निर्णय एकतीस

"ताई, हाऊ डाव बाईना पाय फ्रेमना भाहेर ग्या," कॅमेऱ्यावरचा डोळा न काढताच झुलाल म्हणाला. "आखो एक डाव लेवा पडी."

मंदाकिनीनं मांडीवरची वही उघडली आणि पाचव्या टेकपुढं फुली मारली. समोर दिवालीबाई चढाच्या टोकाशी उभी होती. डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी. पाणी हिंदकळून तिचा एक खांदा ओला झाला होता. तिनं मंदाकिनीकडं बघितलं. डोळ्यांत तक्रार नव्हती. पुढचं काय, एवढंच विचारणं होतं.

"आणखी एकदा, दिवालीबाई. अशीच ये, पण त्या काळ्या दगडाच्या अलीकडून. आणि इकडं बघू नको."

दिवालीबाई घराकडं वळली. हंडा ओतून रिकामा केला आणि पुन्हा नाल्याकडं उतरायला लागली. एप्रिल महिना होता. नाला कोरडा पडलेला. वाळूत उकरलेल्या झिऱ्यात वाटी-वाटीनं पाणी साठत होतं. ते वाटीनंच हंड्यात भरायचं आणि शे-दीडशे हात चढ चढून वर यायचं. सकाळपासून तिच्या घरातली सगळी भांडी भरली होती. मग शेजारच्यांची भरली. त्या दिवशी धवळीपाड्यातल्या चार घरांना पाण्याला जावंच लागलं नाही.

तिसऱ्या टेकच्या वेळी झुलाल म्हणाला होता, हंडा अर्धा ठेवला तरी कॅमेऱ्यात कळत नाही. मंदाकिनीनं नको म्हटलं. रिकाम्या हंड्याखाली मान तशी ताठत नाही, हे तिला आदल्या दिवशी दिसलं होतं.

मंदाकिनी वाघुळदे मूळची फैजपूरची. जळगावच्या एका अध्यापक विद्यालयात दृक्‌श्राव्य साहाय्यक म्हणून ती सात वर्षं हंगामी होती. स्लाइड लावणं, प्रोजेक्टरचा बल्ब बदलणं, टेपरेकॉर्डर कपाटात ठेवून कुलूप घालणं, ही तिची कामं. कायम व्हायचं तर पदवी पाहिजे होती. म्हणून दर शनिवारी पहाटेची एसटी पकडून ती धुळ्याला जायची. पारोळ्यापर्यंत उभ्यानं, पुढं जागा मिळाली तर बसून. धुळ्यात एका छोट्या संस्थेत डॉ. गुजराथी चित्रनिर्मितीचं एम.फिल. चालवत. हा विषय तेव्हा कुणाच्या खिजगणतीत नव्हता. तिच्या सासूला वाटायचं, सून सिनेमात जाणार. तिची ती भीती शेवटपर्यंत गेली नाही.

गुजराथी सरांची पद्धतही वेगळी होती. "दुसऱ्यांच्या फिल्मवर लिहू नका," ते म्हणत. "स्वतः निर्मिती करा. निर्माता म्हणजे निर्णय. माणसं कुठली, गाडी कुठली, दिवस कुठला, कुणाला घ्यायचं, कुणाला नाही. प्रत्येक निर्णय लिहा. निर्णय, कारण, परिणाम, असे तीन रकाने. काम करणाऱ्यानं स्वतःचं काम तपासायचं, हेच संशोधन. आपल्याकडं हे कुणी केलेलं नाही, वाघुळदेबाई. तुम्ही पहिल्या."

पहिल्या, हा शब्द तिला आवडला होता. आयुष्यात ती कशातच पहिली आलेली नव्हती.

विषय तिनंच निवडला. सातपुड्याच्या पायथ्याच्या बायांचं पाणी. वीस मिनिटांचा माहितीपट. धुळ्याच्या लग्नांचे व्हिडिओ काढणारा झुलाल कॅमेरा घेऊन आला, चोपड्याहून उखर्डूची जीप ठरली. धवळीपाड्यात पावरा लोकांची तीस घरं होती. रूपसिंगला बाजाराची अहिराणी सगळ्यांत चांगली येत होती, म्हणून त्याच्याशी बोलणं झालं. त्यानं आपली बहीण रेशमा पुढं केली. एकोणीस-वीस वर्षांची, चपळ पोरगी.

"पानी रेशमा भरी," तो म्हणाला. "मनी बायको दोन जीवनी शे."

आणि तेव्हा दिवालीबाई झोपडीच्या दारात येऊन उभी राहिली होती. आठवा महिना. बारीक हातपाय आणि त्यावर ते पोट. मंदाकिनीच्या मनात चित्र उभं राहायला क्षणसुद्धा लागला नाही. चढ, डोक्यावर दोन भांडी, आणि बाजूनं दिसणारं पोट. शब्दच नकोत.

"रेशमा नको," ती म्हणाली होती. "हिलाच घेऊ. थोडंसंच तर चालायचं."

रूपसिंगनं बायकोकडं बघितलं, बायकोनं जमिनीकडं. शहरातून आलेली बाई, तिच्याबरोबर जीप, मशीन, कागद. नाही कोण म्हणणार?

त्या संध्याकाळी तिनं वहीत लिहिलं होतं. 'निर्णय ३१. पाणी भरणारी स्त्री म्हणून रेशमाऐवजी दिवालीबाईची निवड. कारण: गरोदर असल्याने दृश्याचा परिणाम वाढेल.' परिणामाचा रकाना नंतर भरायचा म्हणून कोरा ठेवला होता.

सातवा टेक नीट झाला. काळ्या दगडाच्या अलीकडून दिवालीबाई वर आली, उन्हात तिचा घाम चकाकला, आणि अगदी कॅमेऱ्याजवळ तिनं एक हात कमरेवर ठेवून श्वास सोडला. कुणी सांगितलं नव्हतं. झुलाल म्हणाला, "वा!"

"झालं," मंदाकिनी म्हणाली. "बस आता तू, दिवालीबाई."

"ताई, दोन्ही बॅटऱ्या सरी गयात," झुलाल म्हणाला. "दुपारी बायांचं बोलणं घ्यायचं, तर चार्ज कराले चोपड्याले जावा पडी."

वस्तीत वीज नव्हती. उखर्डूला जीप घेऊन पाठवलं. तीन तास चार्जिंगचे, दोन तास जाण्यायेण्याचे. बारा वाजले होते. हा निर्णयही तिनं वहीत टिपला. बत्तीस.

दोनच्या सुमाराला रेशमा झोपडीतून बाहेर आली आणि पळत एका म्हातारीला घेऊन आली. मग आणखी दोन बाया आल्या. मंदाकिनी आंब्याखाली बसून दुपारच्या प्रश्नांची यादी करत होती. रूपसिंग तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"बाई, गाडी कोठे शे?"

"चोपड्याला गेली. का रे?"

"दिवालीले दुखी राहिनं. रगत जाई राहिनं."

मंदाकिनी उठली. काय करावं ते तिला सुचेना. डांबरी रस्ता चार कोस लांब. फोन असण्याचा प्रश्नच नव्हता. झुलाल म्हणाला, खाटेवर घालून नेऊ. चौघांनी खाट आणलीसुद्धा, पण आतून म्हातारीनं हलवायला मनाई केली. मंदाकिनी दारात गेली. आत अंधार होता आणि बायांच्या पाठी. पावरी भाषेतलं तिला काही कळत नव्हतं. एक बाई वळून काहीतरी बोलली आणि हातानं तिला मागं सरायची खूण केली. ती मागं सरली. कुडाला टेकून बसली. आतून दिवालीबाईचा आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. मंदाकिनीला स्वतःला एक मुलगी होती, नऊ वर्षांची. फैजपूरच्या दवाखान्यात नर्सनं तिचा हात धरला होता, ते तिला आठवलं. आत जाऊन हिचा हात धरावा, असं तिच्या मनात तीन-चारदा आलं. ती गेली नाही.

साडेचारला आतला आवाज थांबला. मूल रडलं नाही. थोड्या वेळानं म्हातारी एक गाठोडं घेऊन मागच्या बाजूनं बाहेर पडली. रूपसिंग कुदळ घेऊन तिच्यामागं गेला.

जीप सव्वापाचला आली. उखर्डू चार्ज झालेल्या बॅटऱ्या हातात धरूनच उतरला. रक्त थांबत नव्हतं, म्हणून दिवालीबाईला जीपमध्ये आडवं घातलं. रेशमानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. मंदाकिनी पुढं बसली. चोपड्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी वाचवलं तिला. अजून तासभर उशीर झाला असता तर कठीण होतं, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी परतताना जीपमध्ये झुलाल कॅमेऱ्याची पेटी मांडीवर घेऊन बसला होता. मग म्हणाला, "मी तं सांगेल व्हतं ताई, हंडा अर्धा ठेवा."

मंदाकिनीनं वही पिशवीत घातली.

माहितीपट पुरा झाला. उरलेलं चित्रीकरण तिनं दुसऱ्या वस्तीवर केलं. धुळ्याला संकलन झालं, तेव्हा गुजराथी सरांनी तो चढाचा तुकडा तीनदा मागं घेऊन बघितला. "या एका शॉटवर तुमचा प्रबंध उभा आहे," ते म्हणाले.

दिवाळीनंतर तिनं प्रबंधाचा मसुदा दिला. त्यात एकतिसाव्या निर्णयापुढं परिणामाच्या रकान्यात पावणेदोन पानं होती. सात टेक, भरलेले हंडे, बॅटऱ्या, जीप, साडेचार वाजता, सगळं क्रमानं.

सरांनी तिला खोलीत बोलावलं. दार लोटून घेतलं.

"वाघुळदेबाई, हे काय लिहिलंय?"

"झालं ते लिहिलंय, सर."

"मला दुःख नाही असं समजू नका. वाईटच झालं. पण त्या बाया रोजच पाणी वाहतात. तुम्ही नसता गेलात तरी ती त्या दिवशी पाण्याला गेलीच असती. तुमच्यामुळं झालं, हे कशावरून? डॉक्टरांचा दाखला आहे?"

"नाही. पण ती रोज दोन खेपा करते, सर. त्या दिवशी सात केल्या."

"म्हणजे अंदाज. संशोधनात अंदाज चालत नाही." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आवाज मऊ झाला. "हे छापून गेलं तर लोक काय म्हणतील? धुळ्याच्या संस्थेनं शिक्षणासाठी बाईचा जीव धोक्यात घातला. हा अभ्यासक्रम मी हातापाया पडून सुरू केलाय. बंद होईल. तुमच्यामागून सहा जण आहेत. आणि तुमची नोकरी? फेब्रुवारीत जागा भरतायत ना?"

तिनं मसुद्याची पानं सारखी केली.

"एकतीस नंबर साधा करा. परिणामात दृश्याची परिणामकारकता लिहा. एवढंच."

त्या रात्रीच्या जेवणानंतर तिनं नवऱ्याला सांगितलं. पुरुषोत्तम भुसावळला रेल्वेत होता, रोज जाऊन-येऊन करायचा. शांत माणूस.

"तू काय मुद्दाम केलंस का?" तो म्हणाला.

"नाही."

"मग कशाला डोक्यात घेतेस?"

"पोट पाहूनच तिला निवडली मी," मंदाकिनी म्हणाली. "तिचा नवरा दुसरीला देत होता."

पुरुषोत्तमनं ताट उचललं आणि मोरीत नेऊन ठेवलं. तिकडूनच मग म्हणाला, "सर म्हणतात तसं कर."

तिनं तसं केलं. पावणेदोन पानं काढली. टंकलेखकाकडून नवं पान करून घेतलं. 'पाणी भरणाऱ्या स्त्रीची निवड स्थानिक सल्ल्याने करण्यात आली. परिणाम: दृश्य अत्यंत प्रभावी ठरले.' टंकलेखकानं विचारलं, एवढंच? ती म्हणाली, एवढंच.

तोंडी परीक्षा डिसेंबरच्या शेवटी होती. बाहेरून आलेल्या परीक्षक बेहेरेबाई साठीच्या होत्या. केस पांढरे, आवाज घोगरा. तीस वर्षं त्यांनी शैक्षणिक चित्रपटांची निर्मिती केली होती. त्यांनी सगळा माहितीपट न बोलता बघितला. मग म्हणाल्या, "चढाचा शॉट पुन्हा लावा."

लावला. दिवालीबाई वर आली. हात कमरेवर ठेवून तिनं श्वास सोडला.

"हे मी माझ्या आयुष्यात घेऊ शकले नाही," बेहेरेबाई म्हणाल्या. "उत्तम आहे. कितवा टेक?"

"सातवा."

"सातवा." त्यांनी प्रबंधाची पानं मागं उलटली. "निवड स्थानिक सल्ल्यानं, असं लिहिलंय तुम्ही. इतके दिवस भरलेल्या बाईला पाणी भरायला लावा, असा सल्ला गावातल्या कुणी दिला?"

गुजराथी सर खुर्चीत जरा पुढं झाले. "मॅडम, त्या भागात—"

"मी त्यांना विचारतेय."

समोर पडद्यावर चित्र थांबवलेलं होतं, थरथरत होतं.

"कुणी नाही," ती म्हणाली. "गावानं दुसरी मुलगी दिली होती. मी हिला घेतलं. पोट दिसावं म्हणून."

बेहेरेबाईंनी प्रबंध मिटला.

"आणि मग?"

तिनं सांगितलं. काढून टाकलेली पावणेदोन पानं तिला तोंडपाठ होती. बेहेरेबाईंनी मधे एकदाही अडवलं नाही. संपल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मुलगा होता की मुलगी?"

बॅटरी किती मिनिटं चालली, ते मंदाकिनीला माहीत होतं. प्रत्येक टेक किती सेकंदांचा, ते माहीत होतं. उखर्डू किती वाजता गेला नि किती वाजता आला, ते माहीत होतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

बेहेरेबाई तिच्याकडं बघत राहिल्या. त्या नजरेत राग नव्हता, आणि तेच तिला सोसेना. "प्रकरण पुन्हा लिहा," त्या म्हणाल्या. "तीन महिन्यांत. खरं लिहिलंत तर मी पास करीन."

व्हरांड्यात गुजराथी सर तिच्या पुढं चालत होते. जिन्यापाशी थांबले. "बाई, तुम्ही मला खोटं पाडलंत," ते म्हणाले आणि उतरून गेले. त्यांचे डोळे भरलेले होते, हे तिनं बघितलं. त्यांचाही राग तिला धरता आला नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात संस्थेचं पत्र आलं. मार्गदर्शक या नात्यानं आपण पुढं काम करू शकत नाही, असं सरांनी कळवलं होतं. चित्रनिर्मितीला दुसरा मार्गदर्शक संस्थेत नव्हता. मार्गदर्शकाच्या सहीशिवाय प्रबंध स्वीकारला जात नव्हता. पत्र चार ओळींचं होतं. फेब्रुवारीतली जागा दुसऱ्या कुणाची झाली. ती पुन्हा प्रोजेक्टरचे बल्ब बदलू लागली.

आता प्रकरण लिहून द्यायचं तरी कुणाला? कुणालाच नाही. तरी एका रविवारी तिनं चोपड्याची एसटी पकडली.

धवळीपाडा अर्धा रिकामा होता. रूपसिंगच्या दाराला काटेरी झाप लावलेलं. रेशमा घरापुढं बसून डाळ निवडत होती. तिनं ओळखलं, पण उठली नाही.

"खाले ग्यात," ती म्हणाली. "केळीना कामले. फैजपूरकडे."

फैजपूर. तिच्या माहेरचं शिवार. पुढच्या रविवारी ती तिकडं गेली. भावाला विचारलं तर तो हसला, "पावऱ्यांच्या टोळ्या तं पंधरा शेत. कोन रूपसिंग?" दोन बागा हिंडून तिसऱ्या बागेत दिवालीबाई सापडली.

घड उतरवणं चालू होतं. पुरुष कोयत्यानं घड तोडत होते आणि बाया ते डोक्यावर घेऊन बांधापलीकडच्या ट्रककडं नेत होत्या. ओल्या सरींतून एकामागं एक. दिवालीबाई रांगेत चौथी होती. अंगावरच्या लुगड्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग. ती वाळली होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घड.

"दिवालीबाई."

तिनं बघितलं. ओळखलं. पाय थांबले नाहीत. थांबली असती तर मागच्या बायका अडल्या असत्या. मंदाकिनी चप्पल हातात घेऊन शेजारच्या सरीतून तिच्याबरोबर चालू लागली. चिखलात पाय रुतत होते.

"कशी आहेस?"

"शे."

थोडं अंतर दोघी तशाच गेल्या. विचारायचं ते इथं, असं, चालता चालता विचारायचं? पण दुसरी वेळ येणार नव्हती.

"दिवालीबाई, मुलगा होता की मुलगी?"

दिवालीबाईची मान ओझ्याखाली होती तशीच राहिली.

"पोरगी व्हती," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "तू तं भाहेरच बठेल व्हती. कोनी सांगं नही तुले?"

"मी विचारलं नाही."

दिवालीबाईनं मान हलवली. हलवता येईल तेवढीच.

"मी ते सगळं लिहिणार आहे," मंदाकिनी म्हणाली. "तुला काय करायला लावलं ते. सात वेळा चढ चढायला लावला ते."

"सात नही," दिवालीबाई म्हणाली.

"काय?"

"आठ. पहिला डाव मी वर उनू, तवा तो भाऊ म्हने, मशीन चालू नही व्हतं. तुमी तो डाव मोजाच नही."

तिच्या बोलण्यात ठपका नव्हता. आकडा चुकला तर शेजारणीला सांगावं, तशी ती सांगत होती. मंदाकिनी सरीतच उभी राहिली. रांग पुढं गेली.

ट्रकपाशी वर उभ्या माणसानं वाकून घड घेतला. दिवालीबाईनं मान दोन्हीकडं वळवून मोकळी केली, चुंबळ काढली, पिळून पुन्हा गोल केली आणि डोक्यावर ठेवली. मग रिकाम्या हातांनी ती परत बागेत निघाली. मंदाकिनीपाशी आली तेव्हा चालता चालताच म्हणाली, "वलं शे, पाय घसरी. बांधवर जाई बस."

आणि केळीच्या पानांत वाकून आत गेली.